कारण न सांगितलेले निर्णय
अमेरिकन फुटबॉलमधील मालक, प्रशिक्षक आणि खेळाडू



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आम्हांस आले तेव्हा चालकांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही कामगार कायद्यावर किंवा गिरण्यांच्या इतिहासावर बोलू. आम्ही मात्र विषय निवडला तो अमेरिकेतील एका खेळाचा. आपल्या गावच्या मैदानावर हा खेळ कोणी खेळताना दिसत नाही, आणि आम्हीही तो कधी खेळलेलो नाही. मग त्याच्या वाटेला आम्ही गेलो कसे? आमचे शिक्षण शाळेच्या पुढे गेले नाही. जे वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत, खटल्यांच्या निमित्ताने. परदेशी न्यायालयांचे निकाल चाळता चाळता या खेळाडूंचे खटले हाती लागले आणि त्यांच्या मागोमाग खेळही आला. प्रेक्षक पुढच्या दाराने येतात, आम्ही मागच्या दाराने आलो; आणि मागच्या दाराने येणाऱ्याला स्वयंपाकघर आधी दिसते.

या धंदेवाईक फुटबॉलच्या इतिहासात असे अनेक निर्णय आहेत की जे पाहून तिकडचा जाणता प्रेक्षकही डोक्याला हात लावतो. अंतिम सामन्याच्या दिवशीच भरवशाच्या खेळाडूला बाकावर बसवले जाते. सात अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला नारळ दिला जातो. एक संघ वर्षानुवर्षे हरतो, पण जिंकून देऊ शकतील अशी माणसे घेत नाही. लोक याला लहर म्हणतात, मूर्खपणा म्हणतात, नाही तर दैव म्हणतात. आमचे म्हणणे असे की, निर्णय कोड्यात टाकणारा वाटला म्हणजे दोन प्रश्न विचारावेत. या निर्णयाची किंमत कोण मोजतो? आणि निर्णय घेणाऱ्यावर कारण सांगण्याची सक्ती आहे काय? हे दोन प्रश्न विचारले की बरीचशी कोडी सुटतात. काही सुटत नाहीत, त्यांचाही विचार आपण करू.

प्रथम खेळाची तोंडओळख. दोन्ही बाजूंस अकरा अकरा खेळाडू. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिपक्षाला जातो. म्हणून तीन प्रयत्न फसले की बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू लाथेने दूर उडवून देतात, की शत्रूला निदान लांबून सुरुवात करावी लागावी. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. चेंडू कोणाकडे द्यायचा, फेकायचा की घेऊन धावायचे, हे मैदानावर ज्याच्या हातून ठरते तो क्वार्टरबॅक. पण त्याच्याही मागे, रेषेबाहेर उभा असतो तो प्रशिक्षक, आणि प्रशिक्षकाच्या वर, काचेच्या दालनात बसलेला असतो तो मालक.

ही मालकांची लीग १९२० साली ओहायो राज्यातील कँटन या गावी, मोटारगाड्यांच्या एका दुकानात भरलेल्या बैठकीत जन्मली. १९२२ पासून ती नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते. आरंभीची वर्षे कडकीची होती. संघ निघत आणि बुडत. १९३६ साली मालकांनी एक युक्ती अमलात आणली. फिलाडेल्फियाचा मालक बर्ट बेल याची ती कल्पना. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची आणि मागील वर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला त्याने पहिली निवड करायची, मग त्याच्या वरच्याने, अशा क्रमाने. याला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघांना बळ मिळावे हा हेतू सांगितला गेला आणि तो खोटा नव्हता. परंतु त्याच योजनेची दुसरी बाजू अशी की, एकदा एका संघाने नाव उचलले म्हणजे त्या मुलाला लीगमधील दुसऱ्या कोणाशी बोलणे करता येत नसे. अनेक गिऱ्हाईके असलेला बाजार एका गिऱ्हाइकाचा झाला. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिले नाव आले ते जे बर्वँगर याचे. त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू! त्याने मजुरीचा हिशेब केला, दुसरा व्यवसाय पत्करला आणि लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. संघटना नसलेल्या कामगाराजवळ तेवढे एकच हत्यार असते, कामावर न जाण्याचे.

आता पहिले मोठे कोडे घेऊ. १९२० च्या दशकात या लीगमध्ये थोडे का होईना, काळे खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड हा तर १९२१ साली अ‍ॅक्रनच्या संघाचा प्रशिक्षकही होता. परंतु १९३३ चा हंगाम संपला आणि त्यानंतर बारा वर्षे, १९४५ अखेरपर्यंत, एकही काळा खेळाडू लीगमध्ये दिसला नाही. तसा लेखी नियम कोठेही नव्हता; लागतही नव्हता. आमच्या अनुभवाचे सांगतो, कारखान्यात सर्वांत कडक नियम तोच असतो जो फलकावर लावलेला नसतो. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाकडून खेळणारा केनी वॉशिंग्टन हा १९३९ च्या हंगामात देशातील अव्वल खेळाडूंपैकी एक होता. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणी उचलले नाही. हरणारे संघ होते, रिकाम्या जागा होत्या, पण या माणसाला जागा नव्हती. केवळ खेळाच्या दृष्टीने पाहिले तर याहून अनाकलनीय निर्णय सापडणार नाही.

हा बांध फुटला तो मालकांच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. १९४६ साली क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला. त्याला तेथले कोलिझियम हे मोठे मैदान हवे होते. ते सार्वजनिक पैशाचे मैदान. काळ्या वृत्तपत्रांचे पत्रकार उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ज्यांच्या कराच्या पैशातून हे बांधले त्यांची मुले येथे खेळणार नाहीत काय? केनी वॉशिंग्टनला करार मिळाला. पाठोपाठ वुडी स्ट्रोड आला. वॉशिंग्टन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होऊ घातला होता आणि त्याच्या गुडघ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. उमेदीची वर्षे निघून गेली ती गेलीच. त्याच वर्षी दुसऱ्या, नव्याने निघालेल्या लीगमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचा प्रशिक्षक पॉल ब्राउन याने बिल विलिस आणि मॅरियन मॉट्ली या दोन काळ्या खेळाडूंना घेतले आणि जिंकत सुटला.

सर्वांत शेवटपर्यंत अडून बसला तो राजधानी वॉशिंग्टनच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. इतर सर्व संघांत काळे खेळाडू आले तरी याच्याकडे नाही. १९६१ मध्ये त्याचा संघ चौदा सामन्यांपैकी एकच जिंकला, एक बरोबरीत सुटला, बारा हरला. प्रेक्षक कोड्यात पडत, पण मालकाला कोडे नव्हतेच. दक्षिणेकडील राज्यांत त्याच्या सामन्यांचे प्रक्षेपण होत असे. तेथला गोरा प्रेक्षक हे त्याचे गिऱ्हाईक. हरण्याची किंमत खेळाडूंनी आणि प्रशिक्षकाने मोजायची, गल्ला मालकाने मोजायचा. अखेर सरकारी जमिनीवर बांधलेल्या नव्या मैदानाचा प्रश्न आला, आणि अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट यूडल यांनी १९६१ साली बजावले की, भेदभाव चालू राहिला तर मैदान मिळणार नाही. १९६२ च्या हंगामात बॉबी मिचेल मैदानात उतरला, आणि आदल्या वर्षी एक सामना जिंकणारा तोच संघ त्या वर्षी पाच जिंकला.

मिचेल आला कोठून? तळाला राहिल्यामुळे मार्शलच्या संघाला ड्राफ्टमधील पहिली निवड मिळाली होती. त्या निवडीतून उचललेला एर्नी डेव्हिस त्याने क्लीव्हलँडला दिला आणि बदल्यात मिचेल व आणखी एक तरुण खेळाडू घेतला. हा सौदा क्लीव्हलँडच्या बाजूने केला तो पॉल ब्राउनने. नियतीचा खेळ असा की, डेव्हिसला रक्ताचा कर्करोग निघाला. तो क्लीव्हलँडकडून एकही सामना न खेळता मे १९६३ मध्ये, तेविसाव्या वर्षी, वारला. आणि तत्पूर्वीच, जानेवारी १९६३ मध्ये, पॉल ब्राउन यालाही बडतर्फ करण्यात आले होते.

या बडतर्फीपाशी थोडे थांबले पाहिजे. पॉल ब्राउन म्हणजे या धंद्यातला शास्त्रज्ञ. खेळाडूंच्या वर्गात फळा आणि वह्या त्याने आणल्या, प्रतिपक्षाच्या खेळाचे चित्रपट पाहून अभ्यास करण्याची पद्धत त्याने रुळवली, प्रत्येक खेळीचा हुकूम निरोप्या खेळाडूबरोबर मैदानात तो पाठवी. नव्या लीगमध्ये १९४६ ते १९४९ अशी चारही अजिंक्यपदे त्याची. १९५० मध्ये त्याचा संघ जुन्या लीगमध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी अजिंक्य ठरला. पुढे १९५४ व १९५५ मध्ये पुन्हा. संघाला नावसुद्धा त्याचेच! त्याच्या कारकिर्दीतील एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला विशेष चाखावीशी वाटते. ज्यांना संघात अधिकृत जागा नाही, पण ज्यांना हातचे जाऊ द्यायचे नाही, अशा जादा खेळाडूंना तो सांभाळून ठेवी. मालक मॅक्ब्राइड याचा टॅक्सींचा धंदा होता, तेव्हा त्यांचा पगार त्या खात्यात दाखवीत. तेव्हापासून असल्या राखीव खेळाडूंना तिकडे ‘टॅक्सी पथक’ म्हणू लागले. आपल्याकडच्या गिरणीत दाराशी उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

१९६१ साली आर्ट मोडेल नावाच्या तरुण जाहिरातवाल्याने जवळजवळ चाळीस लाख डॉलरांना हा संघ विकत घेतला. जुना प्रशिक्षक नव्या मालकाला विचारत नसे. डेव्हिसचा सौदाही त्याने मालकाला न विचारताच केला, असे सांगतात. दुसरीकडे खेळाडूही कुरकुरत होते. संघातला सर्वांत मोठा खेळाडू जिम ब्राउन याला प्रशिक्षकाची हुकूमशाही आणि जुनाट झालेली खेळी दोन्ही नकोशी झाली होती. जानेवारी १९६३ मध्ये मोडेलने पॉल ब्राउनला काढले. त्या वेळी क्लीव्हलँडच्या वृत्तपत्रांत संप चालू होता. सकाळचा अंक नाही, सायंकाळचा नाही, अग्रलेख नाही, वाचकांची पत्रे नाहीत. मालकाने मुहूर्त शोधून काढला होता किंवा नाही, हे बाजूला ठेवू. आरडाओरडा व्हायचा तो छापायला कोणी नव्हते, एवढे खरे.

निर्णय चूक होता काय? येथे इतिहास आपल्याला सरळ उत्तर देत नाही. ब्राउनचाच सहायक ब्लँटन कॉलियर प्रशिक्षक झाला आणि १९६४ च्या अंतिम सामन्यात त्याने बाल्टिमोरला २७-० ने हरवले. म्हणजे निर्णय बरोबर? पण त्यानंतर क्लीव्हलँडला आजतागायत अजिंक्यपद मिळालेले नाही. पॉल ब्राउनने १९६८ मध्ये सिनसिनाटीचा नवा संघ उभा केला. मोडेलने १९९५ मध्ये सबंध संघच बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली, आणि पुढल्या फेब्रुवारीत तोपर्यंतच्या प्रशिक्षकालाही काढून टाकले. त्या प्रशिक्षकाचे नाव बिल बेलिचिक. पुढे न्यू इंग्लंडला सहा अजिंक्यपदे मिळवून देणारा तोच हा. क्लीव्हलँडची गल्लीगल्ली ज्या संघाच्या नावाने ओरडली तो संघ हलवण्यापूर्वी त्या गल्ल्यांना कोणी विचारले नाही. लीगमध्ये अपवाद एकच, ग्रीन बेचा. १९२३ पासून तो संघ गावकरी भागधारकांच्या मालकीचा आहे, म्हणून लहानसे गाव असूनही तो जागचा हलला नाही.

सगळेच अनाकलनीय निर्णय मालकी हक्काच्या मस्तीतून निघतात असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. माणसाची पारख करणे हे कामच कठीण आहे. १९५५ मध्ये पिट्सबर्गने नवव्या फेरीत जॉनी युनिटस नावाचा क्वार्टरबॅक निवडला आणि हंगामापूर्वीच, एकाही सराव सामन्यात न उतरवता, त्याला घरी पाठवले. त्या जागेवर तिघे आधीच होते. युनिटस बांधकामावर मजुरीला लागला आणि आठवड्यातून एकदा, सामन्याला सहा डॉलर घेऊन, खडबडीत मैदानावर हौशी संघाकडून खेळू लागला. १९५६ मध्ये बाल्टिमोरने त्याला बोलावले. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जादा वेळेपर्यंत चाललेला अंतिम सामना त्याने २३-१७ असा जिंकून दिला. या सामन्याने दूरचित्रवाणीवर हा खेळ घरोघर नेला असे मानतात. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी हा १९९ वा निवडला गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले होते, आणि तोच पुढे सात अजिंक्यपदांचा धनी झाला. येथे दुष्टावा नाही, अज्ञान आहे. आम्ही फरक करतो तो इतकाच की, परीक्षकाची चूक परीक्षकाच्या पगारातून वजा होत नाही. परीक्षा देणाऱ्याच्या आयुष्यातून होते. आणि जो युनिटस सापडला तो सापडला. जे बांधकामावरच राहिले त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

मग खेळाडूला दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य हवे, हा विचार ओघाने येतो. आणि कायद्याचा इतिहास येथून सुरू होतो. बिल रॅडोविच हा डेट्रॉइटचा खेळाडू. १९४६ मध्ये वडील आजारी म्हणून त्याने लॉस एंजेलिसला बदली मागितली. नकार मिळाला. तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, तेव्हा त्याचे नाव पाच वर्षांसाठी काळ्या यादीत टाकण्यात आले. पुढे १९४८ मध्ये एका लहान लीगमधील संघ त्याला काम देऊ लागला. त्या संघाला कळवण्यात आले की, याला घ्याल तर परिणाम भोगाल. रॅडोविच न्यायालयात गेला. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, फुटबॉल हा धंदा आहे आणि मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू आहे. खेळाडूंची संघटना आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, उभी राहिली होती. तिच्या पहिल्या मागण्या काय होत्या, ठाऊक आहे? किमान पाच हजार डॉलर वेतन, प्रवासात ठराविक भत्ता, खेळाचे साहित्य मालकाने पुरवावे, आणि जखमी झाल्यावरही पगार चालू राहावा. टाळ्या घेणाऱ्या वीरांच्या मागण्या पाहा. कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर वाचून दाखवाव्या अशा आहेत.

मालकांनी यावर तोड काढली. १९६३ पासून नियम आला की, करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यावी, आणि दोघांचे जमले नाही तर ती किती, हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवतील. कोण कोणता मोहरा उचलून नेतील हे आधी कळणारच नाही, मग बोली लावणार कोण? बंदी नव्हती, फक्त भीती होती. १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी करार पुरे करून मोकळीक घेतली, त्यांतले अवघे ३४ दुसऱ्या संघात गेले. संघटनेचा अध्यक्ष जॉन मॅकी याच्या नावे चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. तरीही वाटाघाटीत मालकांनी तोच पाहुणा दुसऱ्या पोशाखात आत घेतला.

१९८७ चा संप याच स्वातंत्र्यासाठी होता. दोन आठवड्यांचे सामने झाल्यावर खेळाडू बाहेर पडले. एक आठवडा सामने रद्द झाले, आणि मग मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने भरवले. कोणी दारूच्या दुकानावरचा, कोणी शाळेतला, कोणी पूर्वी घरी पाठवलेला. आमच्यासारख्याने त्यांना काय म्हणावे? संप फोडणारे, हे तर खरेच. परंतु युनिटसप्रमाणे आयुष्यात एकदा संधी मागणारी ती माणसे होती, हेही तितकेच खरे. मालकांनी एका गरजवंतासमोर दुसरा उभा केला. अनेक संघांतले नावाजलेले खेळाडू एकेक करून आत गेले. वॉशिंग्टनच्या संघातला मात्र एकही जण फुटला नाही. आणि त्याच संघाच्या बदली खेळाडूंनी तिन्ही सामने जिंकले. चोवीस दिवसांनी, करारावाचून, खेळाडू परतले, तर त्यांना सांगण्यात आले की बुधवारची मुदत उलटली, या आठवड्याचा पगारही नाही. त्या हंगामाचे अजिंक्यपद वॉशिंग्टनने मिळवले. बदली खेळाडूंना त्या विजयाची अंगठी मिळाली ती २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनी.

यापुढची चाल संघटनांच्या इतिहासात विरळा. न्यायालय म्हणाले, संघटना मालकांशी वाटाघाटीच्या नात्यात आहे तोवर मक्तेदारीविरोधी दावा चालणार नाही. तेव्हा १९८९ च्या अखेरीस संघटनेने खेळाडूंचा वाटाघाटीचा प्रतिनिधी हा आपला दर्जाच सोडून दिला! अंगरखा काढून नदी पोहावी तशी ती गोष्ट. फ्रीमन मॅकनील आणि इतर सात खेळाडूंनी दावा लावला. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या ज्यूरीने मालकांचे नियम बेकायदा ठरवले, आणि १९९३ मध्ये तडजोड होऊन ठराविक वर्षे खेळलेल्याला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी रेजी व्हाइट हा बचावपटू चार वर्षांच्या एक कोटी सत्तर लाख डॉलरांच्या करारावर ग्रीन बेला गेला. जाताना त्याने कोणाची परवानगी मागितली नाही. कोड्यात टाकणारा निर्णय या खेपेस खेळाडूचा होता, आणि कारण सांगणे न सांगणे त्याच्या मर्जीवर होते.

आता प्रशिक्षकाकडे वळू. आम्ही मघापासून मालक आणि खेळाडू असे दोनच पक्ष मांडले. मधल्या माणसाचे काय? कारखान्यात जो मुकादम, तोच येथे प्रशिक्षक. खाली त्याचा हुकूम चालतो, वर त्याची नोकरी टांगलेली असते. या अवस्थेचा परिणाम बुद्धीवर कसा होतो, याचा एक सुंदर पुरावा आहे. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ ते २००० या तीन हंगामांतील चौथ्या प्रयत्नांचा हिशेब मांडून २००६ मध्ये निबंध छापला. त्याच्या गणिताप्रमाणे १,०६८ वेळा चेंडू लाथेने न उडवता पुढे सरकण्याचा प्रयत्न करणे संघाच्या फायद्याचे होते. त्यांपैकी ९५९ वेळा प्रशिक्षकांनी चेंडू उडवला. दहापैकी नऊ वेळा! ही माणसे अडाणी नव्हेत; रात्रंदिवस याच विचारात असतात. पण रूढ मार्गाने जाऊन हरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, नव्या वाटेने जाऊन हरणाऱ्याची नोकरी जाते. संघाचे हित आणि प्रशिक्षकाच्या पोटाचे हित यांत फट पडली की शहाणा माणूस फटीच्या कोणत्या बाजूला उडी घेतो, हे सांगायला अर्थशास्त्र नको. पुढील काळात ही गणिते संघांच्या कचेरीत पोहोचली, मालकांनी ती मान्य केली, आणि चौथ्या प्रयत्नाला धाडस करणे वाढले. धाडस माणसाच्या छातीत असते खरे, पण बरेचसे त्याच्या नेमणुकीच्या अटींत असते.

शेवटी दोन सामने सांगतो. दोन्हींत एकच खेळाडू आहे. १ फेब्रुवारी २०१५. सिएटल विरुद्ध न्यू इंग्लंड, अंतिम सामना. सिएटल चार गुणांनी मागे, चेंडू शेवटच्या रेषेपासून एका यार्डावर, सव्वीस सेकंद उरलेले. मार्शॉन लिंच हा धिप्पाड धावपटू हाताशी आहे. सारे जग म्हणते, त्याला चेंडू द्या. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या बाजूने चेंडू फेकण्याचा हुकूम होतो. माल्कम बटलर हा कोणत्याही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला नवखा पोरगा मध्ये झेपावतो आणि चेंडू हिसकावतो. न्यू इंग्लंड २८, सिएटल २४. कॅरल यांना लोकांनी वेड्यात काढले. पण त्यांनी कारण सांगितले, आणि ते विचार करण्याजोगे होते: घड्याळ थांबवण्याची एकच संधी उरली होती, धावून अडले तर वेळ सरत राहतो, फेक फसली तर घड्याळ आपोआप थांबते, आणि अशा हिशेबाने उरलेले तिन्ही प्रयत्न पदरात पडतात. निकाल वाईट म्हणून निर्णय वाईट, असे म्हणता येत नाही. आम्ही हा निर्णय मूर्खपणाच्या यादीतून काढून टाकतो.

दुसरा सामना ४ फेब्रुवारी २०१८ चा, मिनिआपोलिस येथला. तोच बटलर आता न्यू इंग्लंडच्या बचावाचा खांब, हंगामभर जवळजवळ प्रत्येक खेळीत मैदानावर. अंतिम सामन्यात बेलिचिक यांनी त्याला बचावाच्या एकाही खेळीत उतरवले नाही. फिलाडेल्फियाने ५३८ यार्ड मजल मारली आणि ४१-३३ असा सामना जिंकला. तेही चौथ्या प्रयत्नाला धाडस करूनच. का बसवले? संघाच्या हिताचे वाटले ते केले, या आशयापलीकडे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मग तर्कांना ऊत आला. मुलाने शिस्त मोडली असेल, हे असेल, ते असेल. अखेर बटलरला जाहीरपणे निवेदन करून कुजबुजीतले आरोप नाकारावे लागले. मित्रहो, आम्ही अनेक खातेनिहाय चौकशांत कामगाराच्या शेजारी बसलो आहोत. आरोपपत्र हाती असले तर लढता येते. आरोपपत्र नाही, कारण नाही, शिक्षा मात्र आहे, अशा माणसाइतका असहाय माणूस आम्ही पाहिलेला नाही. त्याला लक्षावधी डॉलर मिळत असले तरी त्या एका संध्याकाळी तो आमच्या ओळखीचाच होता.

अशाच मौनाचे मोठे रूप पुढे दिसले. कॉलिन केपर्निक या क्वार्टरबॅकने २०१६ मध्ये काळ्या लोकांवरील पोलिसी अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. २०१७ पासून एकाही संघाने त्याला करार दिला नाही. कोणी बंदी घातली? कोणीच नाही. त्याने संघटनेच्या करारान्वये तक्रार गुदरली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये गुप्त अटींवर तडजोड झाली. १९३४ नंतरच्या त्या अलिखित नियमाची आठवण येथे कोणाला झाली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. तसेच प्रशिक्षकांचेही. १९२१ मधील पोलार्डनंतर लीगला दुसरा काळा मुख्य प्रशिक्षक मिळाला तो १९८९ मध्ये, आर्ट शेल. २००३ पासून नियम झाला की, मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घ्यावीच. मुलाखत सक्तीची झाली. मन मोकळे ठेवणे सक्तीचे करता येत नाही, हे पुढील वर्षांनी दाखवले.

तेव्हा या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ काय? सर्व निर्णय मतदानाने घ्यावेत, असे आम्ही म्हणत नाही. सव्वीस सेकंद उरले असता सभा भरवता येत नाही. कोणीतरी एकाने ठरवावेच लागते, आणि ठरवणाऱ्याला चुकण्याची मुभा द्यावीच लागते. पण निर्णय घेण्याचा अधिकार आणि कारण न सांगण्याचा अधिकार हे दोन वेगळे आहेत. पहिला कामासाठी लागतो. दुसरा केवळ मालकीतून येतो, आणि या शंभर वर्षांत तो जेथे जेथे मागे हटला तेथे कोणी तरी विचारणारे उभे राहिले म्हणून हटला: लॉस एंजेलिसचे पत्रकार, आजारी वडिलांचा मुलगा रॅडोविच, मॅकी, मॅकनील आणि त्यांचे सोबती. विचारल्याने प्रत्येक वेळी न्याय मिळतो असे नाही. मात्र विचारले नाही तर जे घडते त्याला लोक कोडे म्हणू लागतात, आणि मालकाची त्याहून मोठी सोय दुसरी कोणती असणार?